सागाचा पतंग खाजणात येतो तेव्हा

बसा रे पोरांनो, जवळ या. खाजणातली तिवरं वाळली म्हणून सकाळपासून तोंडं उतरलीत तुमची. पानांच्या नुसत्या शिरा उरल्या, फांद्या भुऱ्या पडल्या, हे खरं. पण तिवर मेलेलं नाही. त्याची पानं अळ्यांनी खाल्लीत, आणि ज्या पतंगाच्या या अळ्या, त्याला जग सागाचा शत्रू म्हणून ओळखतं.

पतंग तसा एवढासाच. पंख पसरले तर तीन-चार सेंटिमीटर. बसला की पंख कौलारू छपरासारखे पाठीवर उतरते ठेवतो. वरचे पंख मातकट तपकिरी, त्यामुळे पाचोळ्यात समोर असला तरी दिसत नाही. हुसकावलात तर मागचे काळे पंख उघडतात आणि त्यांवरचे नारिंगी-पिवळे ठिपके क्षणभर झळकतात. शास्त्रात त्याचं नाव हिब्लिया प्युएरा. क्रॅमर नावाच्या डच अभ्यासकानं १७७७ साली त्याची नोंद केली.

आता बोईसर ओलांडून मनोर, विक्रमगड, जव्हारकडे चला. मृगाचा पाऊस झाला की तिथल्या सागांना पालवी फुटते. ते कोवळं पान चुरगाळलं की बोटं लालभडक होतात, ठाऊक आहे ना? मादीला हवं असतं ते हेच कोवळं पान. शिरेच्या कडेला एकेक करून ती अंडी घालते, सगळी मिळून पाचशेच्या आसपास. दोनेक दिवसांत अळी बाहेर.

पहिले दिवस ती पानाचा वरचा पापुद्राच खरवडते. थोडी मोठी झाली की तिचं खरं कसब दिसतं. पानाची कड ती दोन बाजूंनी कातरते, तो तुकडा स्वतःवर दुमडून घेते आणि तोंडातून काढलेल्या रेशमी धाग्यानं टाचून टाकते. झालं घर! आत लपायचं आणि आजूबाजूचं हिरवं खायचं, जाड शिरा तेवढ्या सोडायच्या. एकटी-दुकटी अळी फिकी हिरवट असते, पण झाडावर गर्दी झाली की त्याच अळ्या काळपट होतात. मला तर या पतंगाचं सगळ्यात नवल वाटतं ते याचंच.

दहा-बारा दिवसांत चार वेळा कात टाकून अळी पुरती वाढते, धाग्याला लोंबकळत खाली उतरते आणि पाचोळ्यात कोष करते. आठवड्याभरात पतंग. म्हणजे उबदार दिवसांत अंड्यापासून पतंगापर्यंत जेमतेम तीन आठवडे! म्हणून तर बघता बघता अख्खं रान ओरबाडलं जातं.

साग त्यानं मरत नाही, पुन्हा फुटतो. पण सगळी ताकद पानं काढण्यात गेल्यावर लाकूड कशानं भरणार? केरळातल्या नीलांबूरच्या सागबागांमध्ये तिथल्या वन संशोधन संस्थेनं मोजून पाहिलं. अळीमुळे लाकडाची वाढ ४४ टक्क्यांनी घटत होती. मग त्यांनी या अळीचाच एक विषाणूजन्य रोग हाताशी धरला. त्या विषाणूनं आजारी पडलेली अळी फांदीला उलटी लटकून मरते, तिचं अंग पाझरतं आणि खालच्या पानांवर रोग पसरतो. तोच विषाणू त्यांनी फवारून पाहिला.

आपल्याकडे पावसाळा सरता सरता हाच पतंग तिवरावर येतो. मुंबईच्या खाड्यांतही सप्टेंबर-ऑक्टोबरात तिवरं अशीच बोडकी होतात. पार ब्राझीलच्या किनाऱ्यावर तिवराच्या भाईबंदांची पानं यानं फस्त केल्याची नोंद आहे. भरतीचं पाणी बुंध्याशी चढतं तिथे पाचोळा कुठून मिळणार? मग कोष बरेचदा पानाच्या घडीतच होतो.

कुणी म्हणालं, औषध मारा, तर ऐकू नका. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल सध्या त्याच अळ्यांवर ताव मारताहेत. अळ्यांची लेंडी चिखलात पडून कुजते आणि तिवराच्याच मुळांना मिळते. दिवाळीच्या सुमारास फांद्यांवर नवी पानं दिसायला लागतील. औषध मात्र ओहोटीबरोबर खाडीत उतरेल. याच तिवरांच्या मुळांत कोलंबीची पिल्लं वाढतात, निवटे आणि चिंबोऱ्या राहतात. आपल्या घरात शिजतं ते तिथूनच येतं रे!