खानदेशातील आरंभीची जमीन मोजणी : तंत्र, आकारणी आणि १८५२ चा प्रतिकार

प्रस्तावना

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त होऊन खानदेशावर इंग्रजी अंमल सुरू झाला, तेव्हा अनेक गावे उजाड व पुष्कळ जमीन पडीक होती. जमीन बिघ्यांत सांगितली जाई; परंतु बिघा सर्वत्र सारखा नव्हता. क्षेत्राची माहिती पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांत आणि गावाच्या परंपरेत राहत असे. ही माहिती शासनाच्या हाती देणारे साधन म्हणजे महसुली मोजणी होय.

मोजणीचे तंत्र

पुणे भागातील प्रिंगल यांची मोजणी अपयशी ठरल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापूर येथे नवी पद्धत घडविली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमबद्ध रूप दिले. मोजणीची साखळी ३३ फुटांची असून तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौरस फूट) आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. प्रत्येक क्षेत्राला स्वतंत्र सर्व्हे नंबर देऊन त्याच्या हद्दी खुणांनी निश्चित करण्यात येत. नापीक भाग 'पोटखराब' म्हणून आकारणीतून वगळला जाई.

प्रतबंदी व आकारणी

मोजणीनंतर मातीचा पोत व खोली पाहून जमिनीची नऊ प्रतींत विभागणी होई. सर्वोत्तम प्रत सोळा आण्यांची. चुनखडी, उतार, पाणथळपणा अशा दोषांमुळे प्रत खाली येई. हवामान, बाजारपेठेचे अंतर इत्यादींवरून गावांचे गट पाडून प्रत्येक गटाचा कमाल दर ठरविला जाई. समजा, हा दर एकरी दोन रुपये असेल, तर आठ आणे प्रतीच्या जमिनीवर एक रुपया आकार बसे. तापीकाठची खोल काळी जमीन व सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड जमीन यांतील भेद अशा रीतीने रुपये-आण्यांत उतरला.

१८५२ चा प्रतिकार

हा भेद शेतकऱ्यांनी आधीच ओळखला होता. १८५२ मध्ये सावदा, रावेर, चोपडा, एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध तीव्र असंतोष उसळला. जमाव जमले, मोजणीचे काम अडविले गेले. अखेर लष्करी बळाने हा उठाव मोडण्यात आला. या प्रतिकारात तापी खोऱ्यातील सुपीक पट्टा अग्रभागी होता, ही बाब लक्षणीय आहे. ज्याची जमीन उत्तम, त्याच्यावर वरच्या प्रतीचा आकार बसणार होता. म्हणून साखळीविषयीच्या अज्ञानापेक्षा साखळीमागून येणाऱ्या आकाराची जाणीव हेच या विरोधाचे अधिक संभाव्य कारण दिसते.

निष्कर्ष

उठाव मोडला, मोजणी पुढे गेली आणि आकार सामान्यतः तीस वर्षांसाठी कायम करण्यात आला. १८६५ चा मुंबईचा पाहणी कायदा व १८७९ ची जमीन महसूल संहिता यांनी पद्धतीला वैधानिक आधार दिला. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबरांची जागा गट नंबरांनी घेतली. त्यामुळे जुन्या नोंदी वाचताना दोन्ही क्रमांक ताडून पाहणे अभ्यासकास आवश्यक ठरते. कर ठरविण्यासाठी केलेली ही मोजणी पुढे शेतकऱ्याच्याच हद्दीचा व हक्काचा पुरावा झाली. या नोंदींचे मूल्यमापन करताना त्यांची अचूकता आणि त्यांमागील सक्ती या दोहोंची दखल एकत्रच घ्यावी लागेल.