देव्हाऱ्यातला दवाखाना

इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेली याचिका बरोबर तीन वर्षांनी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, निकालात निघाली. पतंजली आयुर्वेद या कंपनीच्या जाहिरातींविरुद्धची ती याचिका होती. खटला मिटला की प्रश्नही मिटला असे समजून फाईल बांधून ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. परंतु ज्या प्रश्नातून हा खटला उद्भवला तो एका कंपनीचा नाही, एका न्यायालयाचा नाही आणि, स्पष्टच सांगायचे तर, एका धर्माचाही नाही. संन्याशाच्या, पाद्र्याच्या वा फकिराच्या मुखातून आलेले औषध परीक्षेवाचून गिळावे काय, असा तो प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर न्यायाधीशांनी नव्हे, रोग्याने व रोग्याच्या घरच्यांनी द्यावयाचे आहे.

आधी घडले ते पाहू. २३ जून २०२० रोजी, कोरोनाच्या साथीने देश भयग्रस्त झाला असताना, हरिद्वार येथे बाबा रामदेव यांनी ‘कोरोनिल’ नामक गोळ्यांचा संच जाहीर केला. सात दिवसांत शंभर टक्के रोगी बरे होतात, असा दावा त्या वेळी करण्यात आला. दाव्याचा आधार काय, तर सुमारे शंभर रोग्यांवरील एक चाचणी. आणि ते रोगी कोण, तर सौम्य लक्षणांचे किंवा लक्षणे मुळीच नसलेले. असे रोगी बहुतांशी काहीही न घेता बरे होत होते, हे त्या काळी घराघरांत दिसत होते. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबविण्यास सांगितले. उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्यांनी तर सांगून टाकले की, परवान्यासाठी आलेल्या अर्जात कोरोनाचे नावच नव्हते. प्रतिकारशक्ती, खोकला आणि ताप एवढ्यावरच तो अर्ज होता. येथे प्रकरण थांबावयास हवे होते. परंतु १९ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीत त्याच गोळ्यांचा पुन्हा समारंभ झाला, आणि त्या व्यासपीठावर देशाचे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन, स्वतः एक पदवीधर वैद्यक, उपस्थित होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेचे नाव त्या समारंभात असे काही घेतले गेले की, कोणत्याही पारंपरिक औषधाची कोरोनावरील परिणामकारकता आपण तपासलेली नाही व प्रमाणितही केलेली नाही, असा खुलासा त्या संघटनेला करावा लागला.

पुढचा भाग वाचकांच्या स्मरणात असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने समज दिली. दुसऱ्याच दिवशी पत्रकार परिषद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अवमानाची नोटीस निघाली. एप्रिलमध्ये क्षमायाचना आली, ती नाकारली गेली. मग ६७ वृत्तपत्रांत माफी छापल्याचे सांगण्यात आले, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारले की, ही माफी तुमच्या जाहिरातींच्याच आकाराची होती काय? त्या एका प्रश्नात जो मार्मिकपणा होता, तो वर्षानुवर्षे गप्प बसलेल्या सरकारी खात्यांच्या साऱ्या पत्रव्यवहारात शोधून सापडणार नाही. त्याच महिन्यात उत्तराखंडने कंपनीच्या चौदा औषधांचे परवाने निलंबित केले. ऑगस्ट २०२४ मध्ये माफी स्वीकारून अवमानाचे प्रकरण बंद झाले.

आम्हाला या कथेत खटकते ते व्यापाऱ्याचे वर्तन नव्हे. आपला माल सर्वोत्तम असे प्रत्येक व्यापारी म्हणतोच. खटकते ते हे की, येथे माल विकणारा व्यापाऱ्याच्या वेषात नव्हता. एखाद्या कारखानदाराने सात दिवसांत शंभर टक्के गुण येण्याची ग्वाही दिली असती, तर आपल्या घरातील आजीनेही त्याला चार प्रश्न विचारले असते. तीच ग्वाही भगव्या वस्त्रांतून आली की प्रश्न विचारणे हा अधर्म वाटू लागतो. योगासनांनी पाठीचे दुखणे कमी झालेला माणूस कृतज्ञ असतो. ती कृतज्ञता रास्तच आहे. परंतु त्या कृतज्ञतेच्या पुण्याईवर त्याच्या गळ्यात मधुमेहाची गोळी, दम्याचा काढा आणि साथीचा रामबाण एकामागून एक उतरविला जातो, तेव्हा गुरु-शिष्यभावाचे रूपांतर दुकानदारीत झालेले असते, आणि शिष्याला मात्र त्याचा पत्ता नसतो.

यावर हटकून एक उत्तर येते: झाडपाल्याने गुण नाही आला तरी अपाय तर होत नाही! हे उत्तर निखालस चुकीचे आहे. गुळवेलीचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे कुंपणावर, आंब्याच्या खोडावर ही वेल सहज चढलेली दिसते, आणि साथीच्या काळात तिचा काढा घरोघरी उकळू लागला. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणारे सहा रोगी आढळले, ज्यांच्या यकृताला इजा झाली होती. ही निरीक्षणे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने निष्कर्षाला हरकत घेतली, वनस्पतीची ओळख नीट पटविली नव्हती असे म्हटले. पुढे देशातील तेरा केंद्रांतून अशाच ४३ रोग्यांची माहिती एकत्र करण्यात आली. वाद चालू राहो. शास्त्रात वाद हवाच. परंतु जी वनस्पती यकृतावर परिणाम करू शकते की नाही याबद्दल वैद्य आणि डॉक्टर वाद घालीत आहेत, ती ‘निरुपद्रवी’ म्हणून मुलांना सकाळ-संध्याकाळ पाजावी असे कोणी सांगू नये.

गोमूत्राचीही तीच गत. १४ मार्च २०२० रोजी दिल्लीत एका हिंदू संघटनेने कोरोनावर उपाय म्हणून गोमूत्रपानाचा जाहीर कार्यक्रम केला. पुढच्या वर्षी अहमदाबादेत काही मंडळी अंगाला शेणाचा लेप लावून बसलेली साऱ्या जगाने छायाचित्रांत पाहिली. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये ताज्या गोमूत्रात माणसाला घातक ठरू शकणारे चौदा प्रकारचे जंतू आढळल्याचे नोंदविले. गाईविषयी आदर असणे निराळे आणि तिच्या मूत्राने विषाणू मरतो असे सांगणे निराळे. पहिल्यासाठी पुरावा लागत नाही, दुसऱ्यासाठी लागतो.

तथापि खरी हानी काढ्याने वा लेपाने होते त्याहून अधिक, न घेतलेल्या उपचाराने होते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये बऱ्या होऊ शकणाऱ्या कर्करोगाचे असे २८१ रोगी तपासले, ज्यांनी प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचारांचा मार्ग धरला होता. प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूची शक्यता अडीच पट निघाली. स्तनांच्या कर्करोगात ती पाच पटींहून अधिक होती. ही आकडेवारी परक्या देशाची असली तरी गाठ ती गाठच. सुरुवातीला शस्त्रक्रियेने निघू शकणारी गाठ अंगारा, मंत्रोदक आणि पथ्यपाण्यात सहा महिने काढल्यावर शल्यविशारदापुढे येते, तेव्हा त्याच्याजवळ सहानुभूतीपलीकडे देण्यासारखे फारसे उरलेले नसते. आणि त्या घरात पुढे काय बोलले जाते? प्रारब्ध म्हणतात. ज्याने अंगारा दिला त्याचे नाव कोणी घेत नाही.

हा रोग हिंदूंचाच आहे असे मानून कोणी खूश होऊ नये, किंवा कोणी रागावूही नये. दक्षिण कोरियात सोलजवळच्या एका चर्चमध्ये मार्च २०२० मध्ये कोरोनापासून रक्षण व्हावे म्हणून भाविकांच्या तोंडात एकाच बाटलीने मिठाचे पाणी फवारले गेले, आणि तेथील ४६ माणसांना त्या रोगाची बाधा झाल्याचे आढळले. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील ‘जेनेसिस टू’ नावाच्या, स्वतःला चर्च म्हणविणाऱ्या संघटनेने ‘चमत्कारी द्रावण’ म्हणून जे पाणी कर्करोगापासून कोरोनापर्यंत सर्व रोगांवर विकले, ते प्यायल्यावर पोटात क्लोरिन डायॉक्साइड तयार होत असे, म्हणजे कापडगिरणीत विरंजनासाठी वापरतात ते रसायन. त्या संघटनेच्या प्रमुखाला व त्याच्या तीन मुलांना २०२३ मध्ये तेथील न्यायालयाने तुरुंगात पाठविले. धर्मस्वातंत्र्याची ढाल त्यांच्या कामी आली नाही. आपल्या गोव्यातही शिवोली येथील एका ख्रिस्ती प्रार्थनागटाच्या प्रमुखाला २०२२ मध्ये रोगनिवारणाच्या दाव्यांवरून अटक झाली. आरोप खरे की खोटे हे न्यायालयाने ठरवावयाचे. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांना जो उत्साह आला होता, तो स्वधर्मीय बाबांच्या बाबतीत का मावळतो, एवढेच आम्ही विचारतो.

अशास्त्रीयपणा मठ-मंदिरांतच वसतो असेही नव्हे. मे २०२१ मध्ये गोवा सरकारनेच अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देण्याचे जाहीर केले होते. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र मार्चमध्येच ते औषध केवळ चाचण्यांपुरते वापरावे असा सल्ला दिला होता. फरक इतकाच की, सरकारला उच्च न्यायालयात जाब विचारता आला. गुरूला कोणत्या खंडपीठापुढे उभे करणार?

आयुर्वेदाचा कैवार घेणाऱ्यांनी एकदा चरकसंहिता उघडून पाहावी. चरकाने चिकित्सेचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे तीन भाग केले. मंत्र, मणी, होम पहिल्यात. आहार आणि औषधांची योजना दुसऱ्यात. मनाला आवर घालणे तिसऱ्यात. मंत्राला त्याने नाकारले नाही, परंतु औषधयोजनेची जागाही मंत्राला दिली नाही. वैद्याचा वेष पांघरून हिंडणाऱ्या भोंदूंना त्याने ‘छद्मचर’ असे नावच देऊन ठेवले आहे. आणि आमच्या भूमीचा अभिमान बाळगायचा तर गार्सिया द ओर्ताचा बाळगावा. या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात राहून येथील वनस्पती पाहिल्या, येथील हिंदू वैद्यांना विचारले, प्राचीन युरोपीय ग्रंथकारांशी पडताळले, आणि जे डोळ्यांनी पाहिले ते ग्रंथप्रामाण्याहून वरचढ मानून १५६३ मध्ये गोव्यातच आपला ग्रंथ छापला. तो मेल्यावर इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली, ती धर्माच्या नावाने.

श्रद्धा आणि उपचार यांचे हाडवैर आहे असे आम्हाला वाटत नाही. मराठी भाषाच त्याची साक्ष देते. ज्या रोगाला आपले पूर्वज ‘देवी’ म्हणत, त्याच्या लसीलाही त्यांनी ‘देवी काढणे’ हेच नाव दिले. शीतलादेवीला ओटी भरणारी आई पोराचा दंड टोचणाऱ्यापुढे धरीत असे, आणि त्यात तिला विसंगती दिसत नसे. मे १९७५ मध्ये देशातील देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला, मे १९८० मध्ये साऱ्या जगातून त्या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. शीतलेची देवळे मात्र कोणी पाडली नाहीत. पन्नाशी उलटलेल्या कित्येकांच्या दंडावर तो वण आजही आहे. देवळात कौल लावा, दृष्ट काढा, सत्यनारायण घाला. परंतु इन्शुलीन थांबवू नका, सर्पदंशावर घाड्याची वाट पाहत बसू नका. महाराष्ट्राने २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, जो जादूटोणाविरोधी कायदा केला त्यात साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. एका माणसाचे रक्त सांडल्यावर हे कलम कागदावर उतरले, हे सांगताना मान खाली जाते.

कायदा त्याआधीही होताच. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने मधुमेह, कर्करोग, अपस्मार, कुष्ठरोग अशा चोपन्न रोगांवरील गुणाची जाहिरात करण्यास मनाई केली. ताईत, मंत्र, कवच यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. १९५९ मध्ये हमदर्द दवाखाना या युनानी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची काही कलमे छाटली, परंतु असली जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे हे ठामपणे सांगितले. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा सहा महिन्यांची. म्हणजे ज्या गोळीने सहा महिने फुकट घालविले, तिच्या जाहिरातीलाही फार तर सहाच महिने! आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी परवानगी घ्यावी असे सांगणारा १७० क्रमांकाचा नियम २०१८ मध्ये झाला खरा. पण २०२३ मध्ये केंद्रानेच राज्यांना त्याखाली कारवाई करू नका असे कळविले, २०२४ मध्ये तो वगळला, न्यायालयाने वगळण्यास दिलेली स्थगिती गेल्या खटल्याबरोबर २०२५ मध्ये उठली. जो पहारेकरी कधी जागा झालाच नाही, त्याला रीतसर निवृत्त करण्यात आले.

जाहिरात छापणाऱ्यावरही हा कायदा बोट ठेवतो. ‘गुण न आल्यास पैसे परत’ अशा चौकटी ज्या पानावर येतात, त्याच पानाच्या दुसऱ्या बाजूला विज्ञाननिष्ठेवर अग्रलेख छापण्याची कसरत आपल्या व्यवसायात दुर्मीळ नाही. आणि डॉक्टरांनीही एक गोष्ट ऐकून घ्यावी. दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून रोग्याला बाहेर काढणारा तज्ज्ञ आणि पाठीवर हात ठेवून अर्धा तास ऐकणारा बाबा, यांत घाबरलेला माणूस कोणाकडे वळेल हे सांगावयास ज्योतिषी नको. बिलाचा आकडा तर वेगळाच.

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना या १९५४ च्या कायद्याखालील तक्रारींसाठी यंत्रणा उभारण्यास सांगितले. गोव्यात अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय बांबोळीला आहे. इमारतीचे नाव ‘धन्वंतरी’, आणि समोर पवित्र क्रुसाचे ते प्रसिद्ध स्थान, जेथे हिंदूही फुले वाहून पुढे जातात. आपल्या गावातील देवळाच्या सभामंडपात, चर्चच्या आवारात वा एखाद्या सत्संगात रोग बरा करण्याच्या गोळ्यांची पत्रके वाटली गेली, तर त्यातील एक पत्रक तारीख व ठिकाण टिपून त्या कार्यालयात नेऊन द्यावे, आणि पोच घ्यायला विसरू नये.