कावीळ कोण उतरवते?

भाताची लावणी सुरू झाली की काविळीची विचारणा आमच्याकडे हटकून येते. डोळे पिवळे झाले, गळ्यात माळ घातली, माळ लांबत लांबत छातीखाली उतरली आणि रोगी बरा झाला, असे अनेकजण सांगतात. रोगी बरा झाला, हे खरेच असते. पण बरे कोणी केले?

दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, कारण यकृत, म्हणजे आपले लिव्हर, स्वतःची डागडुजी स्वतःच करते. (गरोदर बाईची गोष्ट वेगळी, तिच्या जिवावर बेतू शकते, तिला तडक इस्पितळात न्यावे.) यकृताचा निम्म्याहून अधिक भाग दुसऱ्याला दान केला, तरी उरलेला भाग काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्ववत होतो. उसाच्या खोडव्याची आठवण व्हावी. मात्र खोडवा कापल्या जागी फुटतो. यकृताचा कापलेला भाग फुटत नाही, राहिलेला भाग फुगून सारे काम अंगावर घेतो. परमेश्वराने ही सोय शरीरातच केली आहे. श्रेय मात्र माळेला जाते.

तेवढ्याने काही बिघडले नसते. पण सुरत, नवसारी, वलसाड, तापी या आपल्या भात-उसाच्या पट्ट्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस येतो. उंदरांच्या व गुरांच्या मुतातले जंतू चिखलात मिसळतात आणि पायांच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. ताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. कावीळ मागाहून दिसते, लघवी कमी होते. यातून वाचलेल्याचे यकृत बहुधा पूर्ण सावरते. माणूस दगावतो तो मूत्रपिंडे बंद पडून किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होऊन. पहिल्या काही दिवसांत साध्या प्रतिजैविकांनी गुण येतो, आणि नेमके तेच दिवस माळेपायी जातात. तेव्हा डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नये. दवाखान्यात जावे आणि 'मी चिखलात काम करतो' हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. गड्याला ताप आला तर त्याचा खाडा कापू नये, त्यालाही पाठवावे. आरोग्य खात्याने आठवड्याला घ्यायच्या डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या दिल्या, तर त्या कोनाड्यात पडू देऊ नयेत.

धान्याकडेही पाहा. 1974 साली पंचमहालात व शेजारच्या बांसवाड्यात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाल्ल्याने 397 माणसे काविळीने आजारी पडली, 106 मेली. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. बुरशीचे हे विष शिजवल्याने जात नाही. काळा, हिरवट पडलेला मका वा शेंगदाणा गुरांनाही घालू नये.

दारूबद्दल काय सांगावे? गुजरातेत दारूबंदी आहे, आणि कोणाच्या घरामागे काय उकळते ते सर्वांना ठाऊक आहे. यकृतावर नुसती चरबी साचली असेल, तर दारू सोडल्यावर काही आठवड्यांत ती उतरू लागते. वर्षानुवर्षे पिऊन यकृत आक्रसले, कठीण झाले, की खोडव्याची उपमा संपते. तरीही सोडणारा न सोडणाऱ्यापेक्षा अधिक जगतो.

नव्या आईबापांना एक निरोप: हिपॅटायटिस बीची पहिली लस बाळाला जन्मापासून 24 तासांच्या आत द्यायची असते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.