फायली हरवल्या, की ओळख हरवली?

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले, की वाटेत वळसंग हे गाव लागते. तेथील माझे एक शिक्षक स्नेही गेली अकरा वर्षे आपल्या विद्यार्थ्यांकडून रोजच्या पावसाची मोजणी करून घेतात. पाऊस बेताचाच पडणाऱ्या या भागात अशा नोंदींचे मोल किती, हे शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. या साऱ्या नोंदी गुरुजींच्या संगणकात होत्या.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. म्हणून गुरुजींनी संगणकात नवी एसएसडी बसवली, तिच्यावर विंडोज ११ घेतली आणि जुनी हार्ड डिस्क दुसरी म्हणून जोडून ठेवली. संगणक झटपट सुरू झाला. पण जुन्या डिस्कवरचे स्वतःच्या नावाचे फोल्डर उघडायला गेले, तर पडद्यावर सूचना आली, ‘तुम्हांला परवानगी नाही!’ कोणीतरी सल्ला दिला, “डिस्क फॉरमॅट करा, म्हणजे कटकट मिटेल.” सुदैवाने गुरुजींनी त्याआधी मला फोन केला.

फायली गेल्या होत्या का? मुळीच नाही. हार्ड डिस्कच्या तबकडीवर अत्यंत सूक्ष्म चुंबकित भाग असतात. त्यांच्या चुंबकनाच्या दिशांमध्ये सारी माहिती साठवलेली असते. दुसऱ्या डिस्कवर नवी कार्यप्रणाली बसवली, म्हणून या दिशा बदलत नाहीत. मग अडले कोठे?

नाव नव्हे, क्रमांक

दहावीची उत्तरपत्रिका आठवा. तीवर तुम्ही नाव लिहीत नाही, बैठक क्रमांक लिहिता. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसलात, तर नाव तेच राहील, पण क्रमांक नवा मिळेल. जुन्या उत्तरपत्रिकेशी तो जुळणार नाही.

विंडोजचेही असेच आहे. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस नावाची फायली ठेवण्याची पद्धत आली. तिच्यात प्रत्येक फायलीजवळ तिच्या मालकाची नोंद असते. ही नोंद नावाची नसते, ‘एस-१-५-२१’ अशी सुरुवात असलेल्या एका लांबलचक क्रमांकाची असते. विंडोज नव्याने बसवली, की या क्रमांकाचा मधला भाग नव्याने तयार होतो. गुरुजींनी तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला, तरी नव्या प्रणालीच्या लेखी ते परके ठरले!

लिनक्समध्ये गंमत वेगळी आहे. डेबियनवर, आणि तिच्यावर आधारलेल्या सी-डॅकच्या ‘बॉस’ या भारतीय प्रणालीवर, पहिल्या वापरकर्त्याला बहुधा १००० हा क्रमांक मिळतो. प्रणाली पुन्हा बसवली, तरी पहिल्याला पुन्हा १०००च मिळतो आणि जुन्या फायली विनातक्रार उघडतात. मात्र घरातल्या दोघांची खाती उलट्या क्रमाने उघडली, तर दादाच्या फायली ताईच्या नावावर जातात!

करून पाहा

आपल्या विंडोज संगणकातील एखाद्या फोल्डरवर उजवी कळ दाबा आणि ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तेथे ‘सिक्युरिटी’ हे पान दिसेल. आता पेन ड्राइव्हवरील फोल्डर असेच तपासा. बहुतेक पेन ड्राइव्हवर हे पान सापडणार नाही. त्यांवर सहसा वापरल्या जाणाऱ्या फॅट ३२ किंवा एक्सफॅट या पद्धतींत मालकाची नोंदच नसते. म्हणून तुमचा पेन ड्राइव्ह मित्राच्या संगणकातही बिनबोभाट उघडतो.

गुरुजींचा उपाय सोपा होता. संगणकाच्या अॅडमिनिस्ट्रेटरला मालकी बदलण्याचा अधिकार असतो. त्या सूचनेखालचे ‘कंटिन्यू’ हे बटण दाबले आणि थोडा वेळ थांबलो. फोल्डर उघडले! तसे न झाल्यास ‘सिक्युरिटी’ पानावरील ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘ओनर’ या शब्दाशेजारी आपले नाव घालायचे, आतील सर्व फायलींनाही ते लागू करायचे आणि मग स्वतःला परवानगी द्यायची. हा प्रयोग फक्त स्वतःच्या फायलींवर करावा, विंडोजच्या मूळ फोल्डरवर कधीही करू नये.

गणिताचे कुलूप

तुम्ही विचाराल, “म्हणजे माझी डिस्क ज्याच्या हाती पडेल, तो ती वाचू शकेल?” होय! परवानगी हा केवळ एक नियम आहे, आणि तो पाळणे कार्यप्रणालीच्या हाती असते. माहिती खरोखर दडवायची, तर तिचे रूपच बदलावे लागते. बिटलॉकर हेच काम करते. त्याची किल्ली साधारणपणे १२८ बिटांची असते, म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या सुमारे ३.४ × १०^३८ होते. दर सेकंदाला एक लक्ष कोटी किल्ल्या लावून पाहिल्या, तरी सर्व संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या ७० कोटी पटींहून अधिक काळ लागेल. येथे अॅडमिनिस्ट्रेटरचाही इलाज चालत नाही.

अशी डिस्क नव्या प्रणालीला जोडली, की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात किंवा कागदावर असेल तर ठीक, नाही तर फायली समोर असूनही नसल्यासारख्याच. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून नव्याने प्रणाली बसवताना हे कुलूप पुष्कळ संगणकांवर आपोआप लागते. म्हणून जुनी प्रणाली काढण्यापूर्वीच हे अंक लिहून घ्यावेत.

आणि फॉरमॅटचा सल्ला? झटपट फॉरमॅटने हार्ड डिस्कवरची फक्त अनुक्रमणिका जाते. तज्ज्ञ मागची पाने कधी कधी शोधून काढतात. एसएसडीवर मात्र ती पानेही बहुधा थोड्याच वेळात कोरी होतात. तेव्हा फोल्डर उघडत नसेल, तर डिस्कवर नवे काही लिहू नका. सूचना परवानगीची आहे की किल्लीची, हे आधी नीट वाचा.

गुरुजींनी त्याच संध्याकाळी पावसाच्या नोंदींच्या दोन प्रती काढल्या. एक शाळेत ठेवली, एक घरी. तुमच्या घरच्या फायलींची दुसरी प्रत कोठे आहे? आजच पाहून ठेवा.