'द फर्म': मैदानाबाहेरचा फुटबॉल

वरळी कोळीवाड्यातल्या फुटबॉलवेड्यांनो, निक लव्हचा 'द फर्म' (२००९) बघाच. 'पीकी ब्लाइंडर्स' मालिकेतला आर्थर, म्हणजे पॉल अँडरसन, इथे वेस्ट हॅमच्या हाणामारी करणाऱ्या टोळीचा म्होरक्या बेक्स झालाय. मूळ सिनेमा १९८९चा, बीबीसीसाठी अ‍ॅलन क्लार्कनं केलेला. त्यात गॅरी ओल्डमन होता.

नव्यात गोष्ट दिसते ती डॉम या पोराच्या नजरेतून. बेक्सवर भाळून तो थेट त्याच्यासारखाच लाल ट्रॅकसूट घेतो आणि टोळीत त्याची टर उडते. मला हाच प्रसंग सगळ्यात जिवंत वाटतो. अशा टोळ्यांमधली 'कॅज्युअल्स' नावाची कपड्यांची तऱ्हा म्हणजे नेमकं हेच. क्लबची जर्सी घालायची नाही, पोलिसांच्या नजरेत यायचं नाही, पण अंगावर फिला, ताकिनीसारखे महागडे ब्रँड हवेत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लिव्हरपूलचे चाहते युरोपातल्या सामन्यांना जायचे, तिथून हे कपडे आणायचे.

आपल्याकडे चाहत्यांमधली अशी ईर्षा कोल्हापुरात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे सामने असले की पेठा पेटतात. समर्थकांत हाणामाऱ्याही झाल्यात. 'झुंड' सिनेमानं झोपडपट्टीतला फुटबॉल दाखवला, आता कोल्हापूरच्या गॅलरीवर कुणीतरी सिनेमा काढाच!

शिव्या आणि रक्त भरपूर आहे, बारक्या पोरांना सोबत बसवू नका.