विलीनीकरण, कूळ आणि कौल : गोव्याची 1963 ची निवडणूक

पोर्तुगीज सत्तेतून 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झालेल्या गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशात प्रौढ मतदानाची पहिली विधानसभा निवडणूक 9 डिसेंबर 1963 रोजी झाली. तीस जागांपैकी 28 गोव्यात होत्या, आणि तिथे प्रचाराचा सारा गदारोळ गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की त्याचे वेगळेपण राखावे, या एकाच प्रश्नाभोवती चालला. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष विलीनीकरणाचा पुरस्कर्ता होता, तर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष वेगळे राज्य आणि कोकणीचा मान यांसाठी उभा होता. पंडित नेहरूंची भूमिका गोव्याचे वेगळेपण तूर्त राखावे अशी असली, तरी स्थानिक काँग्रेसला तिच्या जोरावर मते जमवता आली नाहीत, आणि गोव्याच्या 28 जागांपैकी एकही तिच्या वाट्याला आली नाही.

विलीनीकरण हा केवळ भाषिक अस्मितेचा मुद्दा मानला, तर या प्रचाराचा अर्धा अर्थ हातून निसटतो. गोव्यात जमीनमालकाला भाटकार म्हणत, त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्याला मुंडकार, आणि त्याची शेती खंडाने कसणाऱ्याला कूळ. कूळ असलेल्या मुंडकाराच्या डोक्यावरचे छप्परच भाटकाराच्या मर्जीवर अवलंबून असल्याने खंडाच्या वादात त्याचा आवाज सहसा चढत नसे. शेजारच्या महाराष्ट्रात मात्र कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरवून कुळांना मालकीची वाट मोकळी केली होती, त्यामुळे बहुजन समाजातील अनेकांना महाराष्ट्रात जाणे म्हणजे जमिनीच्या हक्काकडे जाणे वाटले, तर त्यात आश्चर्य नव्हते. मगो पक्षाने हा धागा अचूक पकडला. विशेष म्हणजे तो पकडणारे बांदोडकर स्वतः खाणमालक होते.

विरोधी बाजूची भीतीही तितकीच व्यावहारिक होती. नोकऱ्या बाहेरच्यांना जातील, पणजी मुंबईची दूरची तालुका कचेरी होईल, आणि महाराष्ट्रातली दारूबंदी आली, तर माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराने काय करावे, असे प्रश्न सभांतून विचारले जात. ख्रिस्ती मतदार मोठ्या संख्येने युनायटेड गोवन्स पक्षामागे होते हे खरे, पण त्याला केवळ ख्रिश्चनांचा पक्ष म्हणणे ही प्रतिपक्षाची सोय होती. विलीनीकरणविरोधाची धारदार बाजू मांडणारे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक तर मराठीतूनच निघत होते.

सत्ता बांदोडकरांना मिळाली. त्यांच्या सरकारने 1964 मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा केला आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. याचा एक विचित्र परिणाम झाला: ज्या सुधारणेसाठी मुंबईकडे पाहायचे होते, ती पणजीतूनच येऊ लागली, आणि विलीनीकरणाचे आर्थिक समर्थन ते मागणाऱ्या पक्षाच्या कारभारानेच दुबळे केले. पुढे 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल, म्हणजे केवळ या प्रश्नावरचे थेट मतदान, घेण्यात आला. तो निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकर सरकार आधीच पायउतार झाले होते. विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते आणि वेगळेपणाचे दोन पाने. गोव्यात पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मते पडली.

मार्च 1967 मध्ये, म्हणजे दोन-अडीच महिन्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत मतदारांनी पुन्हा मगो पक्षालाच सत्तेवर बसवले. पक्षाचा मुख्य मुद्दा नाकारायचा आणि पक्ष मात्र ठेवायचा, हा व्यवहार वरवर विसंगत दिसतो. परंतु कुळाच्या दृष्टीने पाहिले, तर विलीनीकरण हे साधन होते, आणि साधन नाकारले म्हणून जमिनीची मागणी सोडण्याचे त्याला काही कारण नव्हते. बांदोडकरांच्या निधनानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत 1975 मध्ये मुंडकार कायदा झाला, आणि 1976 च्या दुरुस्तीने कुळांना मालकी देऊ केली. घटक राज्याचा दर्जा आणि राजभाषा म्हणून कोकणी या सिक्वेरांच्या बाजूच्या मागण्यांना मात्र 1987 पर्यंत थांबावे लागले, आणि त्या पुऱ्या झाल्या त्या काँग्रेसच्या राजवटीत.