सुट्ट्या पैशांतली चांदणी
भाजीवाल्याने परत दिलेली दहाची नोट खिशात कोंबण्याआधी तिचा क्रमांक पाहा. सुरुवातीचे अंक-अक्षर आणि पुढचे सहा आकडे यांच्यामध्ये बारीक चांदणी असेल, तर ती बदली नोट. नाशिकरोडसारख्या छापखान्यात शंभराच्या पुडक्यातली एखादी नोट सदोष निघाली, की तिच्या जागी चांदणीवाली घालतात. तोच क्रमांक पुन्हा छापण्याची यातायात वाचते. दहा, वीस, पन्नासच्या नोटांत ही पद्धत २००६ पासून, पाचशेत २०१६ पासून. पुष्कळांना ती खोटी वाटते, पण ती पूर्ण वैध आहे. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये तसा खुलासाही केला. संग्राहक खरी किंमत देतात ती कोऱ्या, बिनघडीच्या नोटेला. मळकी मिळाली, तरी मी ती खर्च करत नाही.